साडेदहाचं ऊन

ऊन ही काय कुणाला दाखवायची चीज झाली? आणि तीही आमच्या खानदेशात! इथं होळी झाली की माणसं उन्हाला शिव्या द्यायला लागतात, त्या मृग निघेपर्यंत थांबत नाहीत. भर वैशाखात दुपारी बाराला गल्लीत कुत्रं दिसायचं नाही, आणि टाकीचं पाणी अंगावर घेतलं तर अंघोळ झाली की कातडी सोलली, कळायचं नाही. पण सावद्याहून दोन कोसांवरच्या एका गावात या हिवाळ्यात कोकिळाबाई रोज सकाळी साडेदहाला हातातलं काम टाकायची, मोबाइल घ्यायची आणि स्वतःच्या गुडघ्यांना बोल लावत धाब्याचा, म्हणजे घरावरच्या मातीच्या गच्चीचा, जिना चढायची. कशाला? तर लेकीला ऊन दाखवायला!

लेक म्हणजे नूतन. कोकिळाबाई आणि शालिग्रामभाऊंची एकुलती एक. धुळ्याला नर्सिंग शिकली, नाशकात चार वर्षं नोकरी केली, त्यातच एक परकी भाषा घोकून घोकून पाठ केली आणि ऑगस्टात गेली नॉर्वेला. बरं, गेली ती त्या देशात कुठं, तर पार वरच्या टोकाला, जिथून पुढं नुसता समुद्र आणि बर्फ. तिथं म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याचं एक घर होतं, त्यात तिला काम मिळालं. पहिले सहा महिने नोकरी कच्ची. जानेवारी संपता संपता सांगायचं, राहायचं की नाही. जमलं तर पक्की, नाहीतर रामराम.

आणि तिथला हिवाळा म्हणजे काय सांगावं! नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोंगराआड गेला, तो गेलाच. पुन्हा दिसणार थेट संक्रांत उलटल्यावर. दुपारी दोन-तीन तास आभाळ निळसर व्हायचं, पहाटे साडेपाचला आपल्याकडे होतं ना, तेवढंच. मग परत काळोख.

"म्हनजे भर दुपारी दिवा लावून भाकर खायची?" कोकिळाबाईनं विचारलं होतं.

"दुपारी काय आन् सकाळी काय, दिवा लावूनच बठ्ठं करायचं."

"अव माय! मंग देवानं तठी मानसं तरी कायले बसवली?"

ऊन दाखवायचं सुरू झालं ते असंच, काही न ठरवता. डिसेंबर नुकता लागला होता. कोकिळाबाई धाब्यावर कापूस पसरत असताना नूतनचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे साडेदहा म्हणजे तिथं सकाळचे सहा. पोरगी नुकती उठलेली, हातात कॉफीचा कप, खिडकीबाहेर मिट्ट काळोख. बोलता बोलता एकदम म्हणाली, "आई, थांब. हलू नको. ऊन दाखव ना जरा."

कोकिळाबाईनं मोबाइल सरळ सूर्यावर धरला. नूतनला दिसला नुसता पांढरा डाग.

"तो नको. त्या कापसावरचं दाखव."

तेव्हा कोकिळाबाईला उमगलं की नुसतं ऊन दाखवता येत नाही, ते कशावर तरी पडलेलं असावं लागतं. मग काय, रोज सकाळपासून बाई हुडकतच असायची, आज ऊन कशावर दाखवू? एक दिवस घासून ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यावर. एक दिवस वाळत घातलेल्या मिरच्यांवर. एक दिवस शालिग्रामभाऊंच्या टकलावर, भाऊ पेपर वाचत बसले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्या दिवशी नूतन इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि हसता हसता तीही तिकडचं सांगायची. बुटांना खाली खिळ्यांचे पट्टे बांधून चालायचं, नाहीतर बर्फावर आदळायचं. अंधारात गाडीवाल्याला दिसावं म्हणून चिल्ल्यापिल्ल्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या लावून फिरतात. रोज सकाळी दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढायचा, तेव्हा दार उघडतं. ऊन नाही म्हणून रोज एक चमचा माशाचं तेल प्यायचं. कोकिळाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं घटकाभर विचार केला आणि म्हणाली, "औषध म्हनून घे. देवाले मी सांगते." तिकडची माणसं संध्याकाळीच काय, दिवसभर खिडकीत दिवा लावून ठेवतात हे ऐकून मात्र तिला फार बरं वाटलं. पण तान्ही लेकरं दुलईत गुंडाळून, गाडीत घालून, झोपायला घराबाहेर बर्फात ठेवतात म्हटल्यावर बाईचा जो संताप झाला, तो दोन दिवस उतरला नाही. कोण कुठली ती लेकरं, पण इकडं हिच्या घशाखाली घास उतरेना.

आता कोकिळाबाईच्या मनातलं सांगूनच टाकू, उगाच झाकून काय करायचं? तिला पोरगी परत हवी होती. एवढंच. पैसा नको, नाव नको, लेक डोळ्यांसमोर हवी. शिरपूरचं एक स्थळही आलं होतं. हितेंद्र नावाचा मुलगा, तिथल्याच कॉलेजात शिकवणारा, निर्व्यसनी. स्थळ आणलं होतं थोरल्या जावेनं, कुंदाबाईनं. ती मंडळी जानेवारीअखेरपर्यंत थांबायला तयार होती. शिरपूर म्हणजे काय, सकाळी निघालं की दुपारी पोरीच्या हातचा चहा. कोकिळाबाई रोज देवापुढं हात जोडायची तेव्हा "पोरीले सुखी ठेव" एवढंच मोठ्यानं म्हणायची. "अन् तिले तठी करमू देऊ नको" हे मनातल्या मनात.

देवानं ऐकलं म्हणायचं. डिसेंबर सरता सरता नूतन खचायला लागली. चेहरा ओढलेला. जेवलीस का विचारलं तर दुसरंच काही बोलायची. सुट्टीच्या दिवशी पंधरा-पंधरा तास झोपायची आणि उठल्यावर म्हणायची, थकल्यासारखं होऊ राह्यलं. जानेवारीची सात-आठ तारीख असेल. कोकिळाबाई तुळशीवरचं ऊन दाखवत होती. नूतननं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, हे पाच मिनिटं पाह्यलं ना, की दिवस ढकलता येतो. हे नसतं तर मी कधीच निघून आली असती."

बोलून पोरगी कामाला गेली. कोकिळाबाई मात्र मोबाइल हातात धरून तिथंच उभी राहिली. हे नसतं तर! म्हणजे देवापुढं एक मागायचं आणि धाब्यावर जाऊन आपल्याच हातानं दुसरंच करायचं, असं चाललं होतं तर. आपल्याइतकी खुळी बाई पंचक्रोशीत नसेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले, ती जिना चढली नाही. मोबाइल ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला आणि वरून झाकण लावलं. शालिग्रामभाऊंना सांगितलं, "माहा मोबाइल बिघडला. नूतनचा फोन आला तर सांगा तिले." भाऊंचा फोन साधा, बटणांचा. त्यात कसलं ऊन दिसणार? भाऊ "हं" म्हणाले आणि मळ्यात गेले.

पाच दिवस गेले. वाईट गेले, हेही सांगायला हवं. साडेदहा वाजले की कोकिळाबाईचे पाय आपोआप जिन्याकडं वळायचे. मग ती उगाच भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. पण मनाला बजावायची, आई आहे मी तिची, वैरीण थोडीच आहे? चार दिवस रडेल आणि जन्मभर जवळ राहील.

त्याच आठवड्यात इकडंही थंडी कडाडली. पारा सहावर आला. तिकडच्या लोकांना सहा म्हणजे चेष्टा वाटेल, पण केळीला विचारा! केळीला थंडी बिलकूल सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते, हातातोंडाशी आलेला माल जागच्या जागी बसतो. म्हणून आमच्याकडे अशा थंडीत पहाटे उठून मळ्याच्या कडेकडेनं ओला पालापाचोळा पेटवतात, धुराची ऊब बागेत सोडतात आणि विहिरीचं कोमट पाणी देतात. शालिग्रामभाऊंचा सालदार गडी अभिमन तापानं पडला होता, म्हणून त्या दिवशी पहाटे कोकिळाबाई कानाला फडकं बांधून नवऱ्याबरोबर गेली. दोघांनी मिळून दहा-बारा ढीग पेटवले. धूर केळीच्या बुंध्यांमधून जमिनीलगत सरकत गेला. डोळे चुरचुरायला लागले. हळूहळू उजाडलं.

भाऊंनी एका झाडाजवळ तिला बोलावलं. "हे पाह्य. घड पोंग्यात अडकला."

झाडाच्या शेंड्याला मिटलेल्या पानांतून घड अर्धा बाहेर आला होता आणि अर्धा आतच आवळून बसला होता.

"मंग आता?"

"आता काय? थंडीले काय आपन हाकलू शकतो? ऊब द्यायची अन् वाट पाह्यची. निघनार असला तर निघते." भाऊ शेकोटीपाशी येऊन बसले. काटकीनं पाला वरखाली करत म्हणाले, "काल सांजेले पोरीचा फोन आलता."

"काय म्हने?"

"दोन दिवस झाले, कामावर नाही गेली. निजूनच हाये. म्हने, बाबा, मी हरून येऊ राह्यली. गावात कोनी हसन का?"

"तुमी काय म्हनले?"

"म्या म्हनलं, ये. कोन हसते ते पाह्यतो मी."

घ्या! जे हवं होतं ते पदरात पडलं. पोरगी येणार होती. कोकिळाबाईनं खरं तर तिथल्या तिथं देवाला नारळ बोलायला हवा होता. पण तिच्या कानात 'येऊ राह्यली' शिरलंच नाही, 'हरून' तेवढं शिरलं.

पस्तीस वर्षांपूर्वी कोकिळाही धुळ्याला गेली होती, नर्सिंगलाच. दहावीला पहिल्या वर्गात आली होती, मास्तरांनी बापाला गळ घातली होती. वीस दिवस राहिली. एकविसाव्या दिवशी तिची आई होस्टेलच्या फाटकापाशी येऊन रडायला लागली आणि ही पेटी घेऊन तिच्याबरोबर घरी आली. घरी कोणी एका शब्दानं बोललं नाही. आईनं तर शेवया केल्या होत्या. पण अजूनसुद्धा कोणी धुळ्याचं नाव काढलं की कोकिळाबाई काहीतरी निमित्त काढून आत पाणी प्यायला जाते. हे तिनं नवऱ्यालाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "माहा मोबाइल बिघडला नव्हता."

भाऊंनी काटकी आगीत टाकली. "मले ठाऊक हाये. पहिल्या दिवशी ज्वारीच्या कोठीतून वाजत होता."

"ठाऊक होतं? मंग बोलले काऊन नाही?"

भाऊंनी आणखी ओंजळभर पाला आगीवर टाकला. मग म्हणाले, "मले बी पोरगी पाह्यजे होती."

दोघं नवरा-बायको तिथं केळीच्या कडेला, धुरात, चोरांसारखी बसून राहिली. मग कोकिळाबाई उठली, लुगडं झटकलं आणि घराकडं निघाली.

कोठीतून मोबाइल काढला तेव्हा तो मेलेला होता. चार्जिंगला लावला. साडेदहाला तिनं आपणहून कॉल केला. पलीकडं नूतन अंथरुणातच होती, केस पिंजारलेले, दिवाही लावलेला नव्हता.

"झाला का दुरुस्त?"

"बिघडलाच नव्हता," कोकिळाबाई म्हणाली. "म्याच ज्वारीत घालून ठेवला होता."

"कायले?"

"तू परत यावी म्हनून."

नूतन उठून बसली. "आई, मले वाटलं मी येडी होऊ राह्यली. इथं एक आजी हाये, नव्वद वर्षांची. तिचे केस मीच विंचरते. दोन दिवस ती नुस्ती माझी वाट पाहत बसली. मी उठूच शकली नाही. अन् तू..." तिनं कॉल बंद केला.

कोकिळाबाईनं परत लावला नाही. हक्काचा राग होता तो, तो तिला येऊ द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती धाब्यावर जाऊन बसली. दाखवायला काहीच ठरवलं नव्हतं. पावणेअकरा झाले. अकरा झाले. खालून कुंदाबाईनं हाक मारली, तिनं ओ दिली नाही. सव्वाअकराला मोबाइल वाजला.

"दाखव," नूतन म्हणाली. एवढंच.

कोकिळाबाई गडबडली. आजूबाजूला कापूस नाही, हंडा नाही. तिनं मोबाइल कठड्याला टेकवला आणि आपणच समोर उन्हात बसली. नूतन पाहत राहिली.

"डोळ्याले काय झालं?"

"धूर लागला. केळीत गेल्ती."

"रडली का?"

"ते बी."

कोकिळाबाई तशीच बसून राहिली, तोंडावर ऊन घेत, शाळेतली पोरं फोटोला बसतात तशी ताठ. शेवटी नूतन म्हणाली, "बरं, जाते. आजीचे केस विंचरायचे हायेत."

त्यानंतर बाईनं एक दिवस चुकवला नाही, उलट स्वतःशीच चढाओढ लावली. बामणोदची वांगी आणून कपाशीच्या काड्यांवर भाजली आणि भरताचा सगळा सोहळा धाब्यावर मांडला. लाकडी बडजीत वांगी ठेचताना हिरव्या मिरचीचा ठसका इकडं उडाला आणि नाक तिकडं नूतननं पुसलं. मळ्यात नेऊन धुकं विरल्यावरचं केळीच्या पानांवरचं ऊन दाखवलं. तो पोंग्यातला घड तसूभर पुढं सरकला होता, तोही दाखवला. नूतन पुन्हा वेळेवर उठायला लागली. एकदा म्हणाली, "आजी म्हणते, सूर्याची वाट पाहत बसायचं नाही. केक करायचा, शेजाऱ्याले बोलवायचं, अन् मंग तो येते."

"शहानी हाये म्हतारी," कोकिळाबाई म्हणाली. "तिले माहा नमस्कार सांगजो."

तिकडं संक्रांतीनंतर सूर्य यायला हवा होता, पण ढग हटेनात. इकडं रथसप्तमी आली. कोकिळाबाईनं सकाळी अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवलं, ते उतू गेलं ते बरोबर पूर्वेला. शुभ मानतात ते. तिनं साडेदहाला नूतनला तो पांढरा ओघळ दाखवला.

त्याच दिवशी दुपारी साडेचारला मोबाइल वाजला. अशा अवेळी पोरीचा फोन! पाहते तर पडद्यावर एक सुरकुतलेला हात, निळ्या शिरांचा, लोकरीच्या शालीवर ठेवलेला. आणि त्या हातावर ऊन. कोवळं, पिवळं, बोटभर.

"आई, आज तू पाह्य," नूतनचा आवाज आला. "आला."

मोबाइल वर गेला. एक म्हातारी खिडकीत बसली होती, डोळे मिटून, ऊन तोंडावर घेत, अगदी ताठ. कोकिळाबाईनं उभ्या उभ्या हात जोडले, सूर्याला की म्हातारीला, तिचं तिला ठाऊक. दहा मिनिटांत ते ऊन गेलंही.

"आई, एक सांगायचं हाये."

"सांग."

"म्या सही केली. नोकरी पक्की झाली."

कोकिळाबाईला कळलंच होतं. त्या उन्हातल्या हाताबरोबरच कळलं होतं. तिचं काळीज तुटलं आणि त्याच घटकेला छाती फुगलीही. दोन्ही एकदम कसं होतं ते आई झाल्याशिवाय सांगता येणार नाही. "बरं केलं," ती म्हणाली. "नीट राह्य. तेल घेत जा." फोन ठेवला आणि गोठ्यामागं जाऊन पोटभर रडली.

तोंड धुऊन आली तर कुंदाबाई ओट्यावर हजर. "काय व कोकिळा, शिरपूरवाल्याईले काय सांगू?"

"सांगा अक्का, पोरगी कामावर हाये," कोकिळाबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती तुरी पाखडत बसली होती. आता कशाला वर जायचं? पोरीला तिचं ऊन मिळालं होतं. सूप हलत होतं, पण डोळे घड्याळावर. दहा पस्तीसला मोबाइल वाजला.

"कुठी हाये तू? ऊन कुठी हाये?"

"आता तुले तुव्हं हाये ना!"

"माझं दहा मिनिटांचं हाये, तेही दुपारी बाराले. चाल, चढ वर."

"गुडघे दुखतात माहे."

"दुखू दे. चढ."

कोकिळाबाई सूप घेऊन जिना चढायला लागली. एका हातात सूप, एका हातात मोबाइल, मोबाइलमध्ये पोरगी बडबडतेय. आता रोज ऊन वाढत जाणार, आई. मार्चात दिवस-रात्र सारखे होणार. अन् मे महिन्यात तर इथं सूर्य मावळतच नाही, रात्री बाराले पण ऊन. तेव्हा मी तुले रोज ऊन दाखवीन.

कोकिळाबाई पायरीवर थबकली. मे महिना. म्हणजे पोरगी मे महिन्यातही तिथंच असणार. मग ती उरलेल्या तीन पायऱ्या चढली आणि तुरीचं सूप उन्हात ठेवलं.

"मे महिन्यात ऊन नको दाखवू व बाई," ती म्हणाली. "आमी अठी भाजून निघतो. तवा तू मले बर्फ दाखवजो."